सव्वा इंच खाली

लाईल ओस्टरमननं आपली गाडी सव्वा इंच खाली आणायचं ठरवलं तेव्हा त्याच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढच्या सहा दिवसांत ओहायोतल्या त्या शांत लिंडन स्ट्रीटवर जे काही झालं, त्यानंतर लोकांनी त्याच्या हेतूबद्दल बऱ्याच शंका काढल्या, आणि त्यातल्या दोन-तीन त्यानं स्वतःच काढल्या होत्या.

गाडी एकाहत्तर सालची कटलस. रंग गर्द हिरवा, बॉनेट पुढं जेवणाच्या टेबलाएवढं, आणि इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्या वांडा कुबियाकच्या कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. ती मुळात सासरेबुवांची. सासरेबुवा म्हणजे मिस्टर ऑरिन फेल्टर, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम गावाबाहेरचं वृद्धनिवास. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला, डॉक्टरांनी गाडी बंद केली, आणि त्यांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली. ठेवताना म्हणाले, "गाडी झकास आहे. फक्त इंचभर खाली हवी होती."

हे वाक्य लाईल एकतीस वर्षं ऐकत होता. लग्न ठरवायला गेला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं होतं. मुलीचा हात मागून झाला, सासरेबुवांनी खिडकीतून गाडीकडे बघितलं आणि हेच म्हणाले. होकार समजायचा की नकार, हे कळायला दोन दिवस गेले होते.

आता गाडी खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे स्प्रिंगा कापणं. पण मिस्टर फेल्टरच्या मते स्प्रिंगा कापणारा माणूस आणि स्टेकवर केचप ओतणारा माणूस हे एकाच लायकीचे. "आमच्या वेळी पोरं बॉडी उतरवायची," ते सांगत. या जुन्या गाड्यांची बॉडी खालच्या लोखंडी चॅसीवर बारा रबरी चकत्यांवर बसलेली असते, प्रत्येक चकतीतून एक बोल्ट. जाड चकत्या काढायच्या, पातळ घालायच्या. चाकं, स्प्रिंगा, सगळं जागच्या जागी. "बघणाऱ्याला कळत नाही काय केलंय. नुसतं वाटतं, काय बसलीय गाडी!" स्वतः त्यांनी ते कधी केलं नाही, कारण त्यांना त्याच गाडीनं रोज कामावर जायचं असायचं.

आणि निवृत्तीनंतरही एका वर्षी ती रोज धावली. अकरा वर्षांपूर्वी लाईलची बायको मार्लीस आजारी पडली. सात महिने उपचार, आठवड्यातून पाच दिवस, हॉस्पिटल चाळीस मैलांवर. लाईल टाउनशिपच्या, म्हणजे गावकारभाराच्या, कचेरीत नुकता लागला होता, रजा मिळेना. तेव्हा मिस्टर फेल्टर रोज सकाळी साडेसहाला ही हिरवी गाडी घेऊन दारात उभे राहायचे. बर्फात, धुक्यात, एकदा तर स्वतःला एकशे एक ताप असताना. मार्लीस बरी झाली. त्याबद्दल मिस्टर फेल्टर कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि दुसऱ्यालाही बोलू देत नसत. लाईलनं चार वेळा आभार मानायचा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "टायरमध्ये हवा किती ठेवतोस?" दुसऱ्या वेळी ते उठून छताची पन्हळ बघायला गेले. तिसऱ्या वेळी त्यांना ऐकू येईनासं झालं. चौथा प्रयत्न थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर. तिथं तर प्रत्येकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचीच पद्धत. लाईलनं घसा खाकरला, आणि मिस्टर फेल्टर टर्की भाजली का बघायला आत गेले. टर्की टेबलावर होती. अर्धी खाऊन झाली होती.

यंदा मात्र डॉक्टरांनी त्यांना गाडीत बसायची परवानगी दिली होती. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, त्यात ते लाईलच्या शेजारी बसणार होते. लाईलनं हिशेब केला: बोलून होत नाही ना, मग करून दाखवू. शनिवारी ते येतील आणि गाडी इंचभर खाली असेल.

रविवारी दुपारी बारा वाजता त्यानं ड्राइव्हवेत गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. बारा वाजून पाच मिनिटांनी समोरचा डेलबर्ट हफ घडीची खुर्ची घेऊन आला आणि सावली बघून बसला.

"काय करतोयस?"

लाईलनं सांगितलं.

"स्प्रिंगा काप," डेलबर्ट म्हणाला.

पुढचे चार दिवस तो त्या खुर्चीवरून उठला तो फक्त जेवायला. त्यानं जवळजवळ चाळीस सल्ले दिले. बोल्टवर तेल घाल. तेल नको, गरम कर. गरम नको, बर्फ लाव. माझ्या मेव्हण्यानं असंच केलं होतं. मग काय झालं? मेव्हणा आता अॅरिझोनात असतो. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे लाईलनं विचारलं नाही.

बोल्ट पन्नास वर्षं जागचे हलले नव्हते आणि या वयात हलायची त्यांची इच्छाही नव्हती. पहिले दोन निघाले. तिसरा तुटला. चौथा तुटला. पाचवा तुटता तर बरं झालं असतं, पण तो नुसताच गरगर फिरायला लागला, कारण वरची चाकी, म्हणजे नट, बॉडीच्या पोटात सुटली होती आणि बोल्टबरोबर तीही फिरत होती. तिला धरायचं तर गाडीतला गालिचा उचलून खालच्या पत्र्याला भोक पाडायला हवं. सासरेबुवांच्या गाडीला भोक! लाईल भोक पाडायच्या आधी दहा मिनिटं नुसता ड्रिल धरून बसला होता. मार्लीस लेमोनेड घेऊन आली.

"लाईल, कुणी मेलंय का?"

"अजून नाही."

"मग पाड की भोक. डॅड काय गालिचा उचलून बघणारेत?"

"तुझे डॅड उचलून बघतील."

"हो," ती म्हणाली, "बघतील खरे."

बुधवारपर्यंत बाराच्या बारा जाड चकत्या निघाल्या. बॉडी ठोकळ्यांवर, चॅसी चाकांवर, आणि मधे हाताचा पंजा जाईल एवढी फट. दुपारी लाईल जेवून बाहेर आला तर गाडीच्या काचेवर पिवळा कागद.

हा कागद तो चांगलाच ओळखत होता. लाईल हा मिलर्स फोर्क टाउनशिपचा मालमत्ता निरीक्षक. गवत किती वाढलं, कुंपण किती उंच, दाराशी काय मांडलंय, याच्या नोटिसा काढणं हे त्याचं काम. तो पिवळा रंग त्यानंच निवडला होता, बैठकीत चाळीस मिनिटं चर्चा करून. गुलाबी रंग पुरेसा गंभीर वाटत नव्हता. नियमही त्यानंच लिहिला होता: न चालणारं वाहन रस्त्यावरून दिसेल असं बहात्तर तासांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. खाली लिहिलं होतं, वाहन शुक्रवारी सकाळी दहा वाजता उचलण्यात येईल. आणि त्याखाली छापील सही: एल. ओस्टरमन.

या गल्लीत त्याची नोटीस मिळाली नाही असं घर नव्हतं. डेलबर्टला मिळाली होती, गवत अकरा इंच. वांडा कुबियाकला मिळाली होती तिच्या हंसिणीबद्दल. वांडाच्या दाराशी सिमेंटची हंसीण होती, आणि वांडा तिला ऋतूप्रमाणे कपडे घालायची: हिवाळ्यात टोपी, पावसात पिवळा रेनकोट. दर्शनी भागात शोभेच्या फक्त दोन वस्तू चालतात. हंसीण आणि तिचा रेनकोट ही एक वस्तू की दोन, यावर लाईलनं तिला तीन पत्रं पाठवली होती. तेव्हा हा सूड कुणी उगवला असेल, याचा विचार करताना त्याला अख्खी गल्ली डोळ्यांपुढं दिसली. डेलबर्टकडे त्यानं जरा रोखूनच बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" डेलबर्ट म्हणाला. "मला लिहायचा कंटाळा आहे."

लाईल कचेरीत गेला. खिडकीशी रेनी बसली होती. तिची खुर्ची लाईलच्या टेबलापासून तीन फुटांवर.

"नाव?" रेनी म्हणाली.

"रेनी, आपण नऊ वर्षं एकाच भांड्यातली कॉफी पितोय."

"फॉर्मवर लिहावं लागतं, लाईल. तूच सांगितलंयस."

त्यानं नाव सांगितलं. फॉर्म चार पानी होता. तिसऱ्या पानावर त्यालाही कळेना की काय विचारलंय, आणि तो त्यानंच तयार केलेला होता.

"सुनावणी कोण घेणार?"

"निरीक्षक."

"म्हणजे मी."

"स्वतःच्या प्रकरणात निरीक्षकाला बसता येत नाही. मग उपनिरीक्षक."

"मग त्याला बोलव!"

"ते पद तू गेल्या वर्षी रद्द केलंस. गरज नाही म्हणून." रेनीनं चष्मा पुसला. "चांगलं पत्र लिहिलं होतंस. सगळ्यांना आवडलं."

लाईलनं खिडकीच्या फळीवर दोन्ही कोपरं टेकली. "एवढं तरी सांग, तक्रार कुणाची?"

"नाव गुप्त असतं."

"रेनी."

रेनीनं इकडंतिकडं बघितलं आणि कागद हळूच त्याच्याकडे फिरवला. सोमवारची फेरी. लाईल दर सोमवारी गावभर फिरून एकशे चाळीस घरांपुढं खुणा करायचा. या सोमवारी रविवारच्या कामानं त्याची पाठ धरली होती, मान वळत नव्हती, आणि त्यानं घर कुणाचं हेही न बघता, नुसते नंबर आणि दिसेल ते लिहीत फेरी उरकली होती. लिंडन स्ट्रीट, घर नंबर सतरा. ठोकळ्यांवर वाहन, रविवारपासून. घर त्याचं, अक्षरही त्याचं. शेवटच्या रकान्यात शेरा: 'मालकाला परिसराबद्दल आस्था दिसत नाही.'

तो बराच वेळ ते वाचत उभा होता. मागच्या माणसानं विचारलं, झालं का तुमचं? लाईल म्हणाला, झालं.

गुरुवारी संध्याकाळी, ऊन अजून झाडांवर असताना, लाईल गाडीखाली पाठीवर पडला होता. पातळ चकत्या जागेवर बसवून झाल्या होत्या. आता आठ ठिकाणी जॅक लावून अख्खी बॉडी एकदम, सारखी खाली उतरवायची होती. एक कोपरा आधी उतरला तर बॉडी पिळणार. त्याच्याकडे जॅक दोन होते आणि माणूस एक. सकाळी दहाला गाडी जाणार, शनिवारी मिस्टर फेल्टर वृद्धनिवासाच्या दाराशी टोपी घालून उभे राहणार, आणि अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तशीच राहणार. त्याला रडू येत होतं, पण गाडीखाली पडून रडलं की पाणी कानात जातं.

तेवढ्यात त्याला पाय दिसले. आधी सपाता, म्हणजे वांडा. मग चिखलाचे बूट, म्हणजे कोपऱ्यावरचा माणूस, ज्याची बागेतली अवजारांची खोली सहा इंच पुढं आली होती. मग आणखी बूट, आणखी चपला, आणि प्रत्येक जोडीशेजारी जमिनीवर धप्पकन टेकलेला एकेक जॅक. सगळ्यात शेवटी एक आवाज आला जो चार दिवसांत ऐकू आला नव्हता: डेलबर्टची खुर्ची मिटल्याचा.

लाईल बाहेर सरकला. अर्धी गल्ली उभी होती. मार्लीस मागं उभी राहून आकाशाकडे बघत होती, म्हणजे हे कुणी केलं ते कळलं.

"वांडा," लाईल म्हणाला, "ती हंसिणीची पत्रं—"

"नंतर," वांडा म्हणाली. "आधी मला सांग कोणता जॅक एक नंबर."

वांडा दर बुधवारी चर्चच्या तळघरात बिंगोचे आकडे पुकारते. बावीस वर्षं. तिच्या आवाजाला बहिरी माणसंही दचकतात. तिनं जॅकना नंबर दिले आणि ड्राइव्हवेच्या मधोमध उभी राहिली. "बी-एक! पाव वळसा! बी-पाच! पाव वळसा! बी-तीन, तुझा हात थरथरतोय, बिअर नंतर!" आणि बॉडी केसाकेसानं खाली यायला लागली. लाईल गाडीभोवती फिरत प्रत्येक बोल्ट आपल्या भोकात उतरतोय का बघत होता. शेवटी एक जड, मऊ आवाज झाला, आणि आठही जॅक एकदम हलके झाले.

"बिंगो," डेलबर्ट म्हणाला.

मग ओव्हनमधून बटाट्याचं कॅसरोल निघालं, हॅमचं कॅसरोल निघालं, कुणी तरी चेरी-पाय नावाचा गोड पदार्थ आणला. लाईलला प्रत्येकाजवळ जाऊन काही तरी बोलायचं होतं. प्रत्येकजण त्याला आणखी कॅसरोल वाढत होता. मिस्टर फेल्टर एकटेच असे नाहीत, हे त्याला तेव्हा कळलं. हा सगळा मुलूखच तसा आहे.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला इंजिन सुरू केलं तर करवतीसारखा आवाज. बॉडी खाली आली, पण इंजिन चॅसीवर, ते कशाला हलेल? त्यामुळे पंखा आता भोवतीच्या कड्याला घासत होता, आणि एअर फिल्टर वर येऊन बॉनेट बंदच होईना. पुढचा बंपरही चॅसीचाच, तोही होता तिथंच राहिला, आणि गाडी भुवया वर करून बघितल्यासारखी दिसायला लागली.

"मी रविवारीच सांगणार होतो," डेलबर्ट म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस? चाळीस गोष्टी सांगितल्यास!"

"हीच नेमकी राहिली." आणि त्यानं घरून पत्रा कापायची कात्री आणून स्वतःच्या हातानं कडं कापून दिलं. बॉनेट मार्लीसनं कपडे वाळवायच्या दोरीनं बांधलं. बरोबर दहाला गाड्या उचलणारा ट्रक आला. ट्रकवाल्यानं नियम वाचला, त्याला 'न चालणारं वाहन' हवं होतं. लाईलनं गाडी बारा फूट पुढं नेली आणि बारा फूट मागं आणली. वांडाच्या बश्या वाजल्या. ट्रकवाला म्हणाला, "चालतंय की," आणि कालच्या चेरी-पायचा एक तुकडा घेऊन गेला.

शनिवारी दोरीच्या जागी मार्लीसनं पांढरी रिबन बांधली. वृद्धनिवासाच्या दाराशी मिस्टर फेल्टर खरोखरच टोपी घालून उभे होते. गाडी वळून आली आणि त्यांनी वॉकर थांबवला. मग ते गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. त्यांनी चाकाच्या वरच्या फटीत दोन बोटं घालून बघितली.

"इंच नाही ही," ते म्हणाले. "सव्वा."

"हो, मिस्टर फेल्टर."

"उजवीकडे अर्धं सूत वर आहे."

"हो, मिस्टर फेल्टर."

"ही रिबन कसली?"

"फॅशन आहे, डॅड," मार्लीस म्हणाली.

ते बसले. बसले म्हणजे, अर्ध्यापर्यंत बसले आणि उरलेले पडले. मग मिरवणूक निघाली. मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसले होते, आणि मिस्टर फेल्टर खिडकीवर कोपर ठेवून राजासारखे बघत होते. आपण बघतोय तशीच दुनिया त्यांना दिसतेय, फक्त सव्वा इंच खालून, एवढ्यानंच त्यांचा चेहरा उजळला होता. एक म्हातारा ओरडला, "ऑरिन! काय बसलीय रे गाडी!" मिस्टर फेल्टरनी टोपी काढली आणि परत घातली.

घरी येऊन लाईलनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं, आणि तेव्हा कुठं ती गोष्ट उजेडात आली जी लाईलनं, डेलबर्टनं, चाळीस सल्ल्यांनी आणि अख्ख्या गल्लीनं लक्षात घेतली नव्हती. ही गाडी आधीच ठेंगणी. ती आणखी खाली आली. आणि खुबा बदललेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला तीत पडता येतं, पण तीतून उठता येत नाही.

मिस्टर फेल्टरनी एकदा जोर केला. दुसऱ्यांदा केला. "हं," ते म्हणाले.

"मी डेलबर्टला बोलावते," म्हणून मार्लीस रस्ता ओलांडून गेली. जरा सावकाशच गेली.

लाईल तिथंच उभा राहिला. मग गाडीला वळसा घालून आत जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. मिस्टर फेल्टरनी त्याच्याकडे संशयानं बघितलं. मग बाहेर पन्हळीकडे बघितलं. पन्हळ लांब होती.

"मिस्टर फेल्टर," लाईल म्हणाला, "तुम्ही सात महिने तिला नेलंत."

"टायरमध्ये हवा—"

"बत्तीस. चारही. तुम्हाला ताप होता त्या दिवशीही तुम्ही आलात. मी त्या दिवशी खिडकीतून बघत होतो. तुम्ही आधी तिच्या बाजूचं हीटर लावून ठेवलं होतं. ती आज आहे, ती तुमच्यामुळे आहे. मी रोज झोपायच्या आधी हे म्हणतो, पण तुमच्यासमोर म्हणायचं राहिलं होतं. आभार मानतो. बस, एवढंच."

मिस्टर फेल्टर समोर बघत राहिले. रिबन वाऱ्यानं फडफडत होती. त्यांनी डॅशबोर्डवरची नसलेली धूळ अंगठ्यानं पुसली, दोनदा.

"हीटर सावकाश तापतं या गाडीचं," ते म्हणाले. "म्हणून आधी लावायचं." मग: "आणि सारखं मिस्टर फेल्टर काय म्हणतोस? मी काय बँकेत बसलोय? ऑरिन म्हण. एकतीस वर्षं वाट बघतोय."

डेलबर्ट आणि वांडानं मिळून त्यांना बाहेर काढलं. वांडानं आकडे पुकारले.

पुढच्या रविवारी लाईल त्यांना फिरवायला घेऊन गेला. जाताना त्यानं मुद्दाम बाजारातून एक जाड, चांगली गादी आणली होती, सीटवर घालायला, म्हणजे उठताना त्रास नको. मिस्टर फेल्टरनी, म्हणजे ऑरिननी, ती दाबून बघितली, उलटी करून बघितली, आणि मागच्या सीटवर टाकली.

"नको," ते म्हणाले, आणि दाराला धरून धप्पकन सीटवर पडले. "आहे तसं बरं आहे. चल, बस. काय म्हणत होतास त्या दिवशी?"